दोन दांड्यांची रोझिना

सिस्टर: पुन्हा वाच. मोठ्यानं वाच, हाफेनी. ओमालाही, ह्या आजीलाही, ऐकू दे तुझं यंत्र काय म्हणतंय ते.

हाफेनी: "नोआबेस, कमांड नॉट फाउंड." म्हणजे कसंय, सिस्टर... नोआबेस नावाचा हुकूम त्याला सापडत नाहीये.

सिस्टर: हुकूम कसा सापडेल? माणूस आहे ती! जितीजागती बाई बाकावर बसलीय. चाळीस किलोमीटर गाढवगाडीनं आलीय, दोन दिवस.

ओमा: दीड. माझ्या गाढवांना नावं ठेवू नकोस.

सिस्टर: दीड. आणि हा म्हणतो सापडत नाही. अरे, मान वळव, सापडेल!

हाफेनी: मेमे, आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यंत्र तुमच्याबद्दल काही बोलत नाहीये.

ओमा: माझं नाव घेऊन बोलतंय, आणि माझ्याबद्दल नाही?

हाफेनी: चूक माझ्या टाइप करण्यात झाली. तुमच्या आरोग्य-पुस्तिकेवर नावाआधी हे दोन उभे दांडे आहेत ना, ॥नोआबेस, ते मी जसेच्या तसे टाकले. पण ह्या काळ्या पडद्यावर दोन दांड्यांचा अर्थ वेगळा होतो.

ओमा: काय होतो?

हाफेनी: "आधीचं काम फसलं तर पुढचं कर," असा. मी म्हटलं यादी काढ. कुणाची ते त्याला कळलं नाही, म्हणून ते काम फसलं. मग दांड्यांच्या पुढे जे दिसलं ते हुकूम समजून चालवायला गेलं. आणि नोआबेस नावाचा हुकूम काही नसतो.

ओमा: बरोबर आहे की मग. सगळं फसलं की लोक आमच्याच दारात येतात. विहीर आटली की, शेळ्या हरवल्या की.

सिस्टर: हसण्यावारी नेऊ नकोस, ओमा. साडेनऊ झालेत. अकराच्या आत ही यादी मोठ्या दवाखान्यात पोचली पाहिजे. तिथे यादी बघून नावानिशी पुडकी बांधतात आणि बारा वाजता पाउलुस गाडी काढतो. पुडकं नाही बांधलं तर पुढची गाडी थेट डिसेंबरात. तोवर काय करणार आहेस? रक्तदाबाच्या गोळ्या आहेत त्या, चहातली साखर नाही, की नसली तर नसली!

ओमा: मला कशाला ओरडतेस? मी काय टाइप केलंय?

सिस्टर: तुला नाही ओरडत. ह्याला ओरडतेय, तुझ्याकडे बघून. त्याच्याकडे बघितलं तर माझाच रक्तदाब वाढतो. तीन वेळा फोन केला मी तुमच्या कचेरीत, हाफेनी, तेव्हा कुठे आज तू तक्ता बघायला इथे आलास. जानेवारीत केला, एप्रिलमध्ये केला, जुलैच्या सुरुवातीला केला. नाउरासच्या रोझिनाचं, म्हणजे ह्या ओमाचं, पुडकं गाडीत नसतं, पाउलुस सांगतो. तिन्ही वेळा तुमच्याकडून एकच उत्तर. "रुग्ण आधीच नोंदवलेला आहे, पुडकं जात आहे."

हाफेनी: पडद्यावर तसं दिसत असेल तर तेच सांगणार ना, सिस्टर.

सिस्टर: पडद्यावर! तुमचा तो पडदा एकदा नाउरासला नेऊन उन्हात टांगला पाहिजे.

हाफेनी: थांबा, मी नाव अवतरणचिन्हांत घालतो. अवतरणात घातलं की दांडे नुसते दांडे राहतात... हां. आता चालली कमांड.

सिस्टर: आणि?

हाफेनी: शून्य.

सिस्टर: शून्य काय?

हाफेनी: शून्य ओळी. ह्या नावाची एकही नोंद तक्त्यात नाही.

ओमा: आत्ता म्हणालास की आधीच नोंदवलेली आहे.

हाफेनी: तेच बघतोय, मेमे. दांड्यांशिवाय शोधून बघतो. नुसतं नोआबेस. रोझिना नोआबेस... आली! एक ओळ आली. जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे त्रेपन्न. बरोबर?

ओमा: कुणास ठाऊक. आमच्या पिढीतले सगळेच एक जानेवारीला जन्मले. आमची नोंद करणाऱ्या कारकुनाची वर्षाच्या पहिल्या दिवसाची उतरली नव्हती बहुतेक.

हाफेनी: पण पुस्तिकेवरही तीच आहे. म्हणजे तुम्हीच. फक्त...

सिस्टर: फक्त काय? गिळू नकोस शब्द. सरळ वाच.

हाफेनी: पुढच्या रकान्यात "मृत" आहे. चौदा जुलै.

ओमा: कोण मृत?

हाफेनी: तुम्ही, मेमे. म्हणजे, ह्या ओळीनुसार.

ओमा: हे बघ पोरा. मी अडाणी असेन, पण मेले असते तर मला कुणीतरी सांगितलं असतं.

सिस्टर: हद्द झाली! हिला मारून टाकलंत तुम्ही? आणि मला फोनवर सांगताय पुडकं जात आहे? कुठे जात आहे, कबरीत?

ओमा: गप बस जरा, एमगार्ट. चौदा जुलै म्हणालास? आणि गाव कुठलं लिहिलंय?

हाफेनी: तसारिब.

ओमा: तसारिब! अरे, मग ही मी नव्हेच. मी नाउरासची. तसारिबची रोझिना माझी मैत्रीण. चौदा जुलैला ती गेली. तिला पुरलं तेव्हा मी होते तिथे. चार मुठी माती टाकलीय मी तिच्यावर.

हाफेनी: त्यांचंही नाव रोझिना नोआबेसच होतं?

ओमा: नोआबेस नाही रे. !नोआबेस.

हाफेनी: तेच म्हणालो मी. नोआबेस.

ओमा: तेच नाही म्हणालास. तू तोंडातून नुसता वारा सोडलास. !नोआबेस. आणि माझं ॥नोआबेस. ऐकू आलं?

हाफेनी: दोन्हीत आधी काहीतरी टकटक झालं खरं.

सिस्टर: टकटक! अरे देवा. हाफेनी, ह्या भागात कामाला येऊन तुला किती वर्षं झाली?

हाफेनी: एक होत आलं. पण आमच्या उत्तरेकडे ही अक्षरं नसतात, सिस्टर. आमच्या भाषेत नाहीतच.

ओमा: त्यात काय अवघड आहे? तिचं उद्गारचिन्हाचं. जीभ टाळूला घट्ट लावायची आणि एकदम खाली सोडायची. बाटलीचं बूच उपटल्यासारखा आवाज आला पाहिजे. माझं दोन दांड्यांचं. जीभ तशीच ठेवायची आणि आवाज गालातून काढायचा. गाढव हाकताना काढतो तसा. वेगळी घराणी आहेत आमची, वेगळ्या विहिरी, वेगळ्या कबरी. तिची माणसं बडबडी, आमची घुमी.

सिस्टर: कळतंय का? बूच आणि गाढव. एवढा फरक आहे. आणि तुझ्या तक्त्यात दोघींची मिळून एक बाई झालीय.

हाफेनी: पण "मृत" हे इथूनच भरलेलं दिसतंय. ह्याच दवाखान्याच्या खात्यातून.

सिस्टर: दाखव.

हाफेनी: हे बघा. सोळा जुलै. तुमच्याच नावानं.

सिस्टर: ...मीच भरलं. तसारिबहून निरोप आला होता. नाव घातलं, एकच ओळ आली. एकच कशी, असा प्रश्नसुद्धा पडला नाही मला. समोर दहा माणसं खोकत बसली होती. केलं मृत आणि घेतला पुढचा पेशंट.

ओमा: तू तिला मृत केलंस ते बरोबरच केलंस. ती मेलीच होती.

सिस्टर: पण ओळ एकच का होती? मी दोघींची नोंद माझ्या हातानं केलीय. एकीला उद्गारचिन्ह, दुसरीला दोन दांडे. मला चांगलं आठवतंय. हाफेनी? का रे, खाली का बघतोस?

हाफेनी: सिस्टर, म्हणजे कसं झालं...

सिस्टर: कसं झालं ते नको. कोणी केलं ते सांग.

हाफेनी: मी केलं.

सिस्टर: काय केलंस?

हाफेनी: गेल्या ऑक्टोबरात. मी नवीन होतो. सगळ्या वस्त्यांचे तक्ते बाहेर काढून मोठ्या दवाखान्याला द्यायचे होते. आणि कमांड दर वेळी मधेच मोडायची. हे बघा, दाखवतोच. दुहेरी अवतरणात उद्गारचिन्हाचं नाव टाकतो. "!नोआबेस"... दिसलं?

सिस्टर: "ईव्हेंट नॉट फाउंड."

ओमा: म्हणजे?

हाफेनी: म्हणजे "अशी घटना सापडली नाही." ह्या पडद्याला उद्गारचिन्ह दिसलं की वाटतं, मागे कधीतरी केलेलं काम आपण पुन्हा मागतोय. ते जुनी यादी चाळतं आणि म्हणतं, असं काही घडलेलंच नाही.

ओमा: रोझिना घडलीच नाही? सहा पोरं वाढवली तिनं. नाच असा करायची की आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं बघायला यायची. तिला म्हणतं घडली नाही?

हाफेनी: मला कारण कळेना, मेमे. वरून साहेबांचा फोनवर फोन. कुठे उद्गारचिन्ह, कुठे एक दांडा, कुठे दोन, कुठे दोन आडव्या रेघा. मला वाटलं टाइप करणाऱ्याचं बोट घसरलंय. नाहीतर कळफलकावर वाळू बसली असेल. म्हणून मी ती कचरा अक्षरं...

सिस्टर: काय म्हणालास?

हाफेनी: तसं म्हणतात आमच्याकडे, सिस्टर. नको असलेल्या चिन्हांना.

सिस्टर: पुन्हा म्हण. ओमाच्या तोंडावर म्हण. काय अक्षरं?

हाफेनी: ...चुकलं माझं.

सिस्टर: कचरा! आमच्या बापाचं नाव कचरा, आमच्या नद्यांची नावं कचरा! माझ्या स्वतःच्या नावात दोन आहेत, दोन! लहानपणी शाळेत मास्तर ते लिहू द्यायचे नाहीत. म्हणायचे, ही काय पाखरांची भाषा आहे, माणसासारखं नाव सांग. मी हट्टानं लिहायला लागले. इथे आल्यापासून एकेका म्हातारीला विचारून, तिच्याकडून म्हणवून घेऊन, बरोबर चिन्ह टाकत आले. आणि तू एका फटक्यात झाडू मारलास?

हाफेनी: एका कमांडमध्ये झालं सगळं.

सिस्टर: तेच म्हणतेय मी!

हाफेनी: चिन्हं काढल्यावर काही नावं दुबार दिसायला लागली. नाव तेच, जन्मतारीख तीच. म्हणून मग दुबार नोंदी उडवल्या. प्रत्येकी एक ठेवली. वस्ती वेगळी दिसली, पण मला वाटलं माणूस इकडून तिकडे राहायला गेलं असेल. फाइलला नाव दिलं "स्वच्छ यादी." साहेब खूश झाले.

ओमा: तुझं पूर्ण नाव काय रे?

हाफेनी: हाफेनी नघिशिदिम्ब्वा, मेमे.

ओमा: मला ते म्हणता येत नाही. काढून टाकू?

हाफेनी: ...नाही.

ओमा: अर्ध्यावर तोडू? हाफे म्हणू? हाफे नावाचा दुसरा कुणी मेला, की तुझा पगार बंद करू?

हाफेनी: चुकलं, मेमे. खरंच चुकलं.

सिस्टर: चुकलं म्हणून नाव परत येणार आहे का? दहाला दहा मिनिटं राहिलीत. चल, हिची नोंद पुन्हा घाल. मी सांगते तशी टाइप कर. दोन दांडे, नोआबेस, रोझिना, नाउरास.

हाफेनी: घालतोय... नाही घेत.

सिस्टर: आता काय?

हाफेनी: "डुप्लिकेट एंट्री." दुबार नोंद म्हणतंय.

ओमा: मी दुबार? माझ्यासारखी दुसरी दाखव, मी आत्ता गाढवं फिरवून परत जाते.

सिस्टर: पण दांडे घातलेस ना? दांडे घातल्यावर दुबार कशी होईल?

हाफेनी: तसं आहे, सिस्टर, की मी तेव्हा एक नियमही बसवला होता. पुन्हा घाण होऊ... पुन्हा ती चिन्हं येऊ नयेत म्हणून. कोणीही घातली, तरी तक्त्यात जाण्याआधी आपोआप पुसली जातात.

सिस्टर: काय?

हाफेनी: आपोआप.

सिस्टर: म्हणजे गेलं वर्षभर मी इथे बसून एकेक चिन्ह घालतेय, आणि तू माझ्या पाठीमागून पुसतोयस? मी समजत होते कळफलक बिघडलाय! नवा मागवला मी! पाउलुसच्या हाती कागद पाठवले दोनदा, की बटणं नीट लागत नाहीत, दांडे उमटत नाहीत. तिकडून नवा कळफलक आला, आणि चिन्हं तरी पुसलीच जातायत. मला वाटलं माझेच डोळे गेले. चष्म्याचा नंबर काढायला गेले मी, हाफेनी!

हाफेनी: नियम काढतो. आत्ता काढतो. हे बघा, काढला.

ओमा: आता घेईल का?

हाफेनी: घेईल. पण नुसतं नाव घालून चालणार नाही. तुमची औषधं, मात्रा, सगळं त्या उडवलेल्या ओळीत होतं. सफाईच्या आधीची एक प्रत माझ्याकडे आहे. फेकली नव्हती. त्यातून दोघींच्या जुन्या ओळी उचलतो. थांबा... पुन्हा तेच, "घटना सापडली नाही."

सिस्टर: मग मघाशी ओमाच्या नावाला केलंस ते अवतरण कर ना!

हाफेनी: केलंय. पण दांडे दुहेरी अवतरणात गप्प बसतात, उद्गारचिन्ह नाही बसत. ते दुहेरीतसुद्धा जागं असतं. त्याला एकेरी अवतरण लागतं. हेच मला तेव्हा माहीत नव्हतं.

सिस्टर: म्हणजे दुहेरी मानानं बोललं तर ऐकत नाही, एकेरीवर आलं की मुकाट ऐकतं.

हाफेनी: तसंच म्हणा.

सिस्टर: मग मी सकाळपासून बरोबर वागतेय तुझ्याशी. आणि एवढ्यासाठी? एकेरीच्या जागी दुहेरी चिन्ह पडलं एवढ्यासाठी तू माणसं पुसलीस? कुणाला विचारायचं तरी! मला फोन करायचा. "सिस्टर, हे उद्गारचिन्ह काय आहे हो?" चार आण्याचा प्रश्न!

हाफेनी: विचारायची लाज वाटली. सगळ्यांना माहीत असेल आणि मलाच नसेल, असं वाटलं... आल्या. जुन्या प्रतीत दोघी आहेत. ॥नोआबेस, रोझिना, नाउरास. !नोआबेस, रोझिना, तसारिब. दोघींना गोळी एकच, मात्रा एकच. रोज एक.

सिस्टर: आणि आणखी कितीजण असे उडवलेस?

हाफेनी: बघतो. अकरा.

सिस्टर: अकरा!

हाफेनी: त्यातले काही खरोखर दुबार असतील.

सिस्टर: दाखव इकडे. हा खरा दुबार, मीच चुकून दोनदा भरला होता. हाही. बाकीचे नऊ वेगळे आहेत. हा एक दांड्याचा फ्रेडरिक, हा आडव्या रेघांचा. एकाला मिरगी आहे, दुसऱ्याला साखर. अरे, ह्याला साखरेच्या गोळ्या जातायत का मिरगीच्या?

हाफेनी: साखरेच्या. मिरगीवाल्याची ओळ उडाली होती.

सिस्टर: म्हणून तो मार्चपासून दर महिन्याला इथे चालत येतो, आणि मी त्याला माझ्या कपाटातून देते, आणि विचारते की बाबा तुझं पुडकं तू विकतोस का. असं विचारलं मी त्याला. नऊच्या नऊ परत घाल. लगेच.

हाफेनी: घालतोय. म्हणजे वर्षभर दोन माणसांमागे एकच पुडकं जात होतं. मेमेंचं आणि त्यांच्या मैत्रिणीचं मिळून एक, तसारिबला.

ओमा: थांब. काय म्हणालास?

हाफेनी: ऑक्टोबरपासून दोघींच्या नावानं एकच पुडकं गेलं. तीन महिन्यांचं, एका माणसाचं. तसारिबला.

ओमा: एका माणसाचं? दोन माणसांचं नाही?

हाफेनी: एकच ओळ होती, मेमे. एकाच माणसाचं.

ओमा: नाही. तुझं यंत्र चुकतंय. तिला दुप्पट यायच्या.

सिस्टर: कुणी सांगितलं?

ओमा: तिनंच. पहिल्यांदा गाडीत माझं पुडकं नव्हतं, तेव्हा मी तसारिबला निरोप धाडला, की रोझिना, तुला मिळालं का? तर तिनं कापडात बांधून गोळ्या पाठवल्या. वर निरोप, की दवाखान्याच्या लोकांनी घोळ घातलाय, तुझ्याही माझ्याच पुडक्यात आल्यात, ह्या तुझ्या तू घे. प्रत्येक गाडीनंतर पाठवायची. मोजून पंचेचाळीस.

सिस्टर: तीन महिन्यांच्या नव्वद असतात, ओमा.

ओमा: मला पंचेचाळीस यायच्या. एक दिवसाआड घे म्हणायची, आता मात्रा बदललीय म्हणायची. मला वाटलं, माझ्याच आहेत. हक्कानं घेतल्या मी. एकदा उशीर झाला तर रागावलेसुद्धा तिच्यावर. म्हटलं, माझ्या गोळ्या दाबून ठेवतेस का गं?

सिस्टर: जूनमध्ये ती आली होती इथे. रक्तदाब आभाळाला टेकलेला. मी विचारलं, गोळ्या रोज घेतेस का? म्हणाली, घेते. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, रोज घेतल्या असत्या तर एवढा वाढला नसता. नुसती हसली. मी तिच्या पुस्तिकेत लाल शाईनं लिहिलं, "औषध घेण्यात हयगय करते." लाल शाईनं, ओमा.

ओमा: ती तशीच. हसायची.

सिस्टर: आणि चौदा जुलैला डोक्यातली शीर फुटली.

हाफेनी: मेमे... मी...

ओमा: रडतोस कशाला? डोळ्यांत पाणी आलं तर पडदा दिसणार नाही, पुन्हा कुणाला तरी पुसशील. टाइप कर.

हाफेनी: हो, मेमे.

ओमा: मला राग आलाय, समजलं ना? मी गप्प बसलेय म्हणून गेला असं समजू नकोस. आम्ही घुमी माणसं. हा राग मी नाउरासला घेऊन जाणार आहे, आणि रोज एक गोळी खाताना तो काढणार आहे. पण आत्ता आठ माणसं बाकी आहेत तुझ्या त्या खोक्यात. त्यांना बाहेर काढ.

सिस्टर: साडेदहा.

हाफेनी: नऊही झाले. आता नाउरासची यादी बाहेर काढतो. ही बघा, एकेरी अवतरणात. गेली... कसलीच तक्रार नाही. फाइल तयार झाली.

सिस्टर: न वाचता पाठवायची नाही. आजपासून न वाचता काही पाठवायचं नाही.

हाफेनी: वाचतो. नाउरास, सतरा नावं. सातवं नाव... नोआबेस, रोझिना.

ओमा: अंहं.

हाफेनी: लिहिलंय बरोबर, मेमे. दोन दांडे आहेत.

ओमा: तिथे आहेत. तुझ्या तोंडात कुठे आहेत? उद्या कुणी फोनवर विचारलं तर पुन्हा वाराच सोडशील. जीभ टाळूला लाव. गालातून. गाढव हाकताना कसं करतोस?

हाफेनी: मी कधी गाढव हाकलं नाही. त्सक्... नोआबेस.

सिस्टर: हे चहा प्याल्यासारखं झालं.

ओमा: बाजूनं, पोरा. दाढांपाशी.

हाफेनी: ॥... ॥नोआबेस.

(खिडकीबाहेर झाडाखाली जुंपून ठेवलेल्या तिन्ही गाढवांनी कान टवकारले आणि गाडी ओढत चार पावलं पुढे टाकली.)

सिस्टर: अगं बाई! ओमा, तुझी गाडी निघाली!

ओमा: जाऊ दे, झाडाला दोर आहे. बघितलंस? गाढवांना कळलं. पाठव आता.

हाफेनी: पाठवली. अकराला बारा मिनिटं कमी. पोचल्याचं उत्तरही आलं. पुडकं बांधतील, मेमे. पूर्ण नव्वद.

सिस्टर: बाकीच्या आठांच्या वस्त्यांच्या याद्या?

हाफेनी: त्याही सोबतच गेल्या. सिस्टर, ती लाल शाईची पुस्तिका... ती तुमच्याकडे असते का?

सिस्टर: तिच्या लेकीकडे असेल. मीच जाईन तसारिबला. मीच खोडेन ते.

ओमा: आता तिचं वाच.

हाफेनी: कुणाचं, मेमे?

ओमा: रोझिनाचं.

हाफेनी: त्या यादीत नाहीत, मेमे. यादी फक्त... त्यांना पुडकं जाणार नाही ना आता.

ओमा: पुडकं नको तिला. तक्त्यात आहे ना ती? तिथे तिचं नाव बिनचिन्हाचं मेलंय. माझं अर्धं, तिचं अर्धं, असं कुणीतरी मेलंय. ते नीट कर आणि वाच. बुचासारखं.

हाफेनी: केलं. एकेरी अवतरणात घातलंय... !नोआबेस. रोझिना. तसारिब. चौदा जुलै.

ओमा: हां. आता गेली ती.